टेंभरे सरांचा कान

अन्याय टेंभरे सरांवर झाला. २०१२ साली, जुलै महिन्यात, धानाचे रोवणे ऐन भरात असताना, एका सोमवारी दुपारच्या बैठकीत झाला. माझ्या डोळ्यांदेखत झाला. ऑफिस आरोग्याचं, गोंदिया जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं. कोणत्या ते लिहीत नाही. प्रत्येक ऑफिसाला आपलंच वाटू दे.

आरोप असा होता की टेंभरे सरांना एका नर्सचा पासवर्ड माहीत होता.

ज्यांनी सरांना पाहिलं आहे ते हे वाचून आधी हसतील, मग त्यांना राग येईल. मला उलट झालं. आधी राग आला, आणि अजून तोच आहे. कारण त्या अख्ख्या तालुक्यात दुसऱ्याचा पासवर्ड आपल्याला कळू नये म्हणून जिवाचा आटापिटा करणारा माणूस एकच होता, आणि काढला तोच.

मी त्याच खोलीत कंत्राटी ऑपरेटर होते. कंत्राटी लोकांच्या संघटनेची पत्रकंही मीच लिहायची. पत्रकात मागण्या मावतात, निषेध मावतो, माणूस मावत नाही. सर तर मुळीच मावले नसते. म्हणून हे वेगळं लिहिते आहे.

सर मूळचे टायपिंगचे. गोंदियात रेल्वे लाइनीजवळ, एका किराणा दुकानाच्या माडीवर त्यांची टायपिंगची शाळा होती. १९९९ साली माझी मोठी बहीण तिथं जायची. ती सांगते, मालगाडी गेली की माडी हादरायची, मशिनी खडखडायच्या, मुलींची बोटं चालूच असायची आणि सर पाठमोरे, खिडकीतून खाली वाकून पानवाल्याशी गप्पा मारत असायचे. गप्पा मारता मारता, मान न वळवता, मध्येच ओरडायचे, "ए तीन नंबर! छोटी उंगली सो गई क्या?"

तीन नंबरच्या मशिनीवरची मुलगी करंगळीचं काम खरोखरच शेजारच्या बोटाकडून करून घेत असायची. नव्या मुली घाबरायच्या. त्यांना वाटायचं सरांना पाठीमागंही डोळे आहेत. सर म्हणायचे, "आँख नहीं बेटा, कान है."

प्रत्येक अक्षराचा आवाज वेगळा असतो असं त्यांचं म्हणणं होतं. कडेची बोटं दुबळी, त्यांचा ठोका उशिरा आणि हलका पडतो. मधली बोटं उद्धट. आयुष्यभर त्या खडखडाटात उभं राहून त्यांचा कान असा झाला होता की कोणी काय टाइप केलं ते त्यांना न बघता निम्मंअधिक कळायचं. याचा त्यांना गर्व होता. खोटं कशाला लिहू, भरपूर गर्व होता. पाहुण्यांसमोर करून दाखवायचे.

मग कॉम्प्युटर आले, माडीवरच्या मशिनी भंगारात गेल्या, आणि पन्नाशीला टेकलेले सर आमच्या ऑफिसात अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आले. माउस त्यांना शेवटपर्यंत जमला नाही. चिमणीचं पिल्लू धरावं तसा तळहातात धरून बसायचे. केसांना मेंदी लावायचे, ती कॉलरला लागली की दिवसभर मेंदीला शिव्या घालायचे. कौतुक त्यांच्या तोंडून निघायचं नाही. माझं पान बिनचूक निघालं तर म्हणायचे, "चुकलं नाई." एवढंच. त्या दोन शब्दांसाठी मी एकेक पान पुन्हा पुन्हा वाचलेलं आहे.

आता आयडीचं सांगते, कारण सगळं तिथूनच आलं. आधी प्रत्येक कामाचं खातं वेगळं होतं, आणि आमच्या ऑफिसात तर सगळ्यांत मिळून एकच खातं चालायचं. त्याचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलेला. दसऱ्याला मशिनीची पूजा झाली तेव्हा चिठ्ठीलाही हळदकुंकू लागलं होतं. कोणीही यावं, देवदर्शन घेतल्यासारखं चिठ्ठीकडं बघावं, कामाला लागावं. मग वरून हुकूम आला. आता प्रत्येक नर्सला स्वतःची एकच ओळख, एकच आयडी. हजेरी, लसीकरण, जन्माची नोंद, सगळं त्याच दारातून. त्या आयडीनं जे भरलं जाईल ते तिनं भरलं असं धरलं जाईल. म्हणजे आयडी ही सहीच झाली. पहिला पासवर्ड वरून तयार होऊन येणार, तो एकदाच चालणार. पहिल्यांदा आत गेलं की तो टाकून द्यायचा आणि स्वतःचा नवा ठेवायचा.

हे समजावायला सभागृहात सगळ्या नर्सना बोलावलं. आधी जिल्ह्याहून आलेल्या साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवली. सगळ्या जांभया देत होत्या. मग सर उठले आणि थेट शेतात शिरले: खारी म्हणजे रोपांचा वाफा, पऱ्हा म्हणजे त्यातली रोपं, बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत.

"सिस्टर, धानाची खारी कुठं टाकता जी?"

"बांधीच्या कोपऱ्यात जी," पुढच्या रांगेतून कोणी म्हणालं.

"आन् पऱ्हा तिथंच ठेवता?"

"तिथंच ठेवला तं धान कसं होईल सर? उपटाव लागते, रोवाव लागते."

"मंग! हा वरून आलेला पासवर्ड म्हंजे पऱ्हा. दुसऱ्याच्या खारीत उगवला. उपटा आन् आपल्या बांधीत रोवा. आन् कोन्त्या बांधीत रोवला, ते सासूलेही सांगू नका."

"नवऱ्याले?" मागून आवाज आला.

"नवऱ्याले तं बिलकुल नाई!"

सभागृह हसून हसून लोटपोट झालं. पण त्या दिवसापासून आमच्या तालुक्यात पासवर्ड बदलायला 'रोवणं' हाच शब्द रूढ झाला. "सर, माझा रोवून द्या ना," असं म्हणत बाया यायच्या. सर चिडायचे. "मी कायले रोवू? बांधी तुमची का माझी?"

आणि मग त्यांचा तो विधी चालायचा. बाईला खुर्चीवर बसवायचं, पहिला पासवर्ड तिच्याकडून टाकून घ्यायचा. नवा ठेवायची वेळ आली की सर उठायचे, व्हरांड्यात जायचे, खोलीकडे पाठ करून उभे राहायचे आणि गायचे. दंडारीतलं, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यातलं एक गाणं, त्याची पहिलीच ओळ, पुन्हा पुन्हा. आवाज असा की झाडावरचे कावळे उठावेत. नुसती पाठ फिरवून त्यांचं भागत नव्हतं. त्यांना ऐकू यायचं ना! आपलाच कान आपणच बुजवायचे. खुर्चीतली बाई "झालं जी!" ओरडेपर्यंत गाणं बंद नाही. आवारातल्या चहावाल्यालाही कळायचं. "सर, आज बाजार जोरात हाय तुमचा," म्हणायचा. "सकाळपासून गाऊनच राहिले."

ज्या कानाचा त्यांना एवढा गर्व, तोच कान ते इथं दहा वेळा व्हरांड्यात उभं राहून झाकत होते. मला तेव्हा ते विनोदी वाटायचं. आता वाटत नाही.

फोनवर तर ते कोणालाच काही सांगत नसत. माणूस समोर पाहिजे, तोंड दिसलं पाहिजे. साकोलीच्या रस्त्यावर गाडी बंद पडलेली असताना आमच्या मोठ्या साहेबांनी एकदा फोन केला. त्यांचा पासवर्ड अडला होता, वरून नवा पहिला पासवर्ड मागवून सरांनी तो फोनवर सांगावा असं त्यांचं म्हणणं.

"साहेब, या ना. चहा पाजतो."

"टेंभरे, मी साहेब बोलतोय. माझा आवाज ओळखत नाही का?"

"आवाज ओळखतो जी. आवाजाची नक्कल करणारे पोट्टे आमच्या गावात लय हायेत."

खोलीत आम्ही तोंडात रुमाल कोंबले. साहेब संध्याकाळी आले, सही करायला बसावं तसे बसले, नवा पासवर्ड ठेवला. सर व्हरांड्यात गायले. साहेबांसाठी वेगळं गाणं नाही, तीच ओळ. साहेबांचे कान लाल झालेले मी पाहिले. ती गोष्ट ते विसरले असतील असं आम्हाला वाटलं. आमचा भोळेपणा.

आता त्या जुलैचं.

वंदना उईके नावाच्या एक नर्स होत्या. त्यांचं उपकेंद्र जंगलाच्या कडेला, तिथून कोहमाऱ्यापर्यंत चालत किंवा कोणाच्या मोटारसायकलवर, पुढं एसटी. बोलणं कमी, काम चोख. त्यांचा पहिला पासवर्ड आला, त्यांनी तो टाकला, नवा ठेवला, सर व्हरांड्यात गायले, "झालं जी" झालं, आणि आत जायला गेल्या तर पडदा म्हणतो, नाही. पुन्हा वरून पहिला पासवर्ड मागवा, पुन्हा नवा ठेवा, पुन्हा नाही. बाई परत गेल्या. पुढच्या आठवड्यात आल्या. पुन्हा तेच.

आमचे मोठे बाबू चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "सिस्टर, तुम्हाले नीट टाइप करता नाई येत. चिठ्ठीवरच्या खात्यातून भरा ना, कायले इतका तमाशा?"

उईके सिस्टर म्हणाल्या, "चिठ्ठीवरच्यातून भरलं तं कोन भरलं ते कसं कळंल?"

"कळाव कायले?" बाबूंनी विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नव्हता.

सरही सुरुवातीला सिस्टरवरच ओरडले, हे लिहिलंच पाहिजे. "ठेवता एक, टाकता दुसरंच! ध्यान कुठं असते?" तोवर महिना उलटला. त्यांच्या उपकेंद्राची एकही नोंद चढली नाही आणि त्यांना नोटीस निघाली. जाणूनबुजून काम टाळलं, वेतनवाढ का रोखू नये. ती नोटीस पर्समध्ये घालून, रोवणा सोडून, त्या पुन्हा आल्या. साडीच्या काठाला चिखल तसाच होता.

सरांनी नोटीस वाचली. मग म्हणाले, "सिस्टर, आज मी बाहेर जात नाई. गात नाई. तुम्ही टाका, मी पाठ करून आयकतो. आयकू का?"

"आयका जी," त्या म्हणाल्या. "माहं काय चुकते ते तरी समजंल."

सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. डोळे मिटले. सिस्टरनी नवा पासवर्ड ठेवला, तोच पुन्हा टाकून आत जायला पाहिलं. पडदा म्हणाला, नाही.

सर वळले. चेहरा उतरला होता. "दोन्ही खेपा तेच वाजलं," ते म्हणाले. "सिस्टर, तुमची काईच चूक नाई. मी उगाच बोललो." तेवढ्यावर थांबले नाहीत. तिथंच, सगळ्यांसमोर, त्या बाईला हात जोडले. मग मशिनीकडे वळले. वायर पाहिली, बटणं पाहिली, आणि शेवटी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातल्या तारखेवर बोट ठेवलं. मशिनीत अजून मागचा महिना चालू होता.

ऑफिसात ज्यांनी काम केलं आहे त्यांना सांगायला नको. 'मागच्या तारखेत' हा आपल्याकडचा केवढा मोठा उद्योग आहे! पत्र राहिलं, मागच्या तारखेत काढा. अहवाल राहिला, मागच्या तारखेत जोडा. आधी पेनानं व्हायचं, कोणाला त्रास नव्हता. आता पत्रावर तारीख मशीन आपोआप छापते, म्हणून बाबूंनी मशिनीचीच तारीख मागं नेली होती आणि पत्र निघाल्यावर पुढं आणायची विसरले होते. इकडं वरची सिस्टिम नवा पासवर्ड ठेवून घेते, पण दार उघडण्याआधी दोन्हीकडची वेळ जुळवून बघते. इथं मागचा महिना, तिथं चालू. जुळत नाही म्हणजे समोरचा लबाड, असं ती समजते. बाकीच्या पासवर्ड रोवून जायच्या, पण नोंदी अजून बंद न झालेल्या चिठ्ठीवरच्या खात्यातूनच भरायच्या, आपल्या नावानं आत जायचा हट्ट धरला तो एकट्या उईके सिस्टरनी, म्हणून अडल्याही त्याच.

सरांनी तारीख सरळ केली. सिस्टरनी पासवर्ड टाकला. दार उघडलं. त्यांचं नाव पडद्यावर आलं तेव्हा त्या नुसत्या बघत बसल्या.

"आता हा बदला," सर म्हणाले.

"काऊन? चालून तं राहिला."

"मी आयकला ना. उष्टा झाला."

पण सिस्टिम ऐकेना. आजच ठेवलेला आजच बदलता येत नाही, उद्या या. सिस्टर वैतागल्या. "सर, उद्या मजूर हायेत बांधीत!" सर हटले नाहीत. दुसऱ्या दिवशी बिचाऱ्या पुन्हा एसटीनं आल्या, आणि सर व्हरांड्यात इतके जोरात गायले की चहावाला कप घेऊन बघायला आला.

मधली ती एक रात्र. तेवढाच काळ टेंभरे सरांना दुसऱ्याचा पासवर्ड माहीत होता. म्हणजे माहीत होऊ शकला असता.

सोमवारची बैठक. साहेब, बाबू, सगळ्या नर्स. मी प्रोजेक्टरजवळ. नोटिशीचा विषय निघाला. उईके सिस्टरनी झालं ते सांगितलं. बाबू म्हणाले, मशिनीची तारीख आपण कधी बदललीच नाही, बाईंना पासवर्ड ठेवता येत नाही एवढंच खरं.

साहेबांनी विचारलं, "कोणी पाहिलं का यांना बरोबर टाकताना?"

सर उभे राहिले. "पाहिलं नाई साहेब. पाठ होती माझी. पण आयकलं. बरोबर टाकला होता."

"ऐकलं म्हणजे?"

सरांनी सगळं सांगितलं. माडी, मशिनी, बोटं, ठोके. साहेब पुढं वाकले.

"म्हणजे यांचा पासवर्ड तुम्हाला समजला."

इथं सर 'नाही' म्हणू शकले असते. कोण तपासणार होतं? मी मनात म्हणत होते, नाही म्हणा सर, नाही म्हणा.

"पुरा नाई," सर म्हणाले. "पन बसून विचार केला असता तं समजला असता. म्हनूनच तं बाहेर जाऊन गातो साहेब."

"आणि बाकीच्यांचे?"

"गाण्याच्या वर आयकू येत नाई."

कोणी हसलं नाही. उईके सिस्टर उठल्या. एरवी चार शब्द न बोलणारी बाई थेट साहेबांकडे बघून म्हणाली, "मले विचारून आयकलं साहेब. मी हो म्हनलं. मंग त्यांच्यावर कायचा ठपका?"

साहेब म्हणाले, "बसा. तुमची नोटीस मागं घेतो." नोटीस खरंच मागं घेतली. मशिनीची तारीख मागं नेऊन काढलेलं पत्र कोणाच्या सहीचं होतं, ते बैठकीत निघालंच नाही. सरांचं कंत्राट संपलं तेव्हा नवं आलं नाही. कारण तोंडी सांगितलं, गोपनीयतेचा भंग. आणि ज्या ऑफिसात हे ठरलं तिथल्या मॉनिटरवर ती हळदकुंकवाची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती. अख्ख्या ऑफिसाचा पासवर्ड, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. तो भंग नाही!

मी पत्रक लिहिलं. रागानं लिहिलं, तीन उद्गारचिन्हं घालून. छापायच्या आधी सरांकडे घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "मजकूर गरम हाय. पन इथं जागा दोनदा सुटली."

"सर, त्याचं राहू द्या! तुमच्यासाठी आम्ही ऑफिससमोर बसणार आहोत."

"माझ्यासाठी कायले बसता? सिस्टरची नोटीस गेली ना? बसायचं तं त्या चिठ्ठीसाठी बसा."

"चिठ्ठीसाठी कोणी धरणं देतं का सर?"

"मंग देऊन पाहा," ते म्हणाले आणि दोनदा सुटलेल्या जागेवर पेनानं गोल केला.

आम्ही बसलो, सरांच्या नावानं बसलो. काही झालं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी सर मला कोहमाऱ्याला दिसले. मी एसटीतून उतरले होते, देवरीकडची गाडी पाहत होते. हायवेवर ट्रकांची रांग, ढाब्यांचा धूर, आणि एका एटीएमच्या काचेच्या दाराबाहेर, दाराकडे पाठ करून एक माणूस उभा. मेंदी आता अर्ध्यातच सोडलेली, वरचे केस पांढरे. आत एक म्हातारी गोंड बाई चार बटणांशी झगडत होती. कार्ड कसं घालायचं ते त्यांनीच दाखवलं असणार. रस्त्यावर ट्रकचे भोंगे वाजत होते, त्या गोंगाटात बटणांचा आवाज कोणाला ऐकू येणार होता? तरी सर गात होते. तीच ओळ. ट्रकवाले वळून बघत होते.

मी रस्ता ओलांडेपर्यंत आतून आवाज आला, "झालं बावा!" गाणं थांबलं. सर तेव्हाच वळले. म्हातारीनं हातातलं कार्ड पदरात बांधलं. तेवढ्यात एक ट्रक मध्ये आला, तो गेला तेव्हा दोघं रस्त्याच्या कडेनं चालत निघाले होते. सरांच्या हातात तिची पिशवी होती. मी हाक मारली, पण ती त्यांच्या कानापर्यंत पोचली नाही. त्या कानापर्यंत न पोचलेला मला माहीत असलेला तो एकच आवाज.

पत्रकाच्या शेवटी मागणी असते. यालाही आहे, पण ती सरकारकडे नाही. हे वाचणाऱ्या तुमच्याकडे आहे. तुमच्या ऑफिसात, शाळेत, बँकेत, पंचायतीत मॉनिटरला चिकटवलेली ती चिठ्ठी आहे. तुम्हाला माहीत आहे ती कुठं आहे. उद्या सकाळी जा आणि ती फाडा. मशिनीची तारीख मागं न्यायला कोणी सांगितलं तर नाही म्हणा. आणि तुमच्यासमोर कोणी पासवर्ड टाकायला बसलं की उठा, पाठ फिरवा आणि गा. आवाज वाईट असला तरी चालेल.